सोलापूरच्या उन्हात गार पाण्याने चेहऱ्याची रोजची निगा

मे महिन्यात सोलापुरात दुपारी नळ सोडला की पहिल्या तांब्याभर पाण्यात थेट चहापत्ती टाकावी असं वाटतं. गच्चीवरची काळी टाकी दिवसभर तापलेली असते आणि त्या पाण्याने तोंड धुणाऱ्याला वाटत असतं की आपण गार पाण्याने चेहरा धुतोय. त्यामुळे "रोज गार पाण्याने तोंड धुवा" हा सल्ला इथे अर्धाच उपयोगाचा. गार पाणी मिळवायचं कसं, किती गार घ्यायचं आणि धुतल्यावर पुढच्या दोन-तीन मिनिटांत काय करायचं, हा उरलेला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

पाण्याकडून अपेक्षा काय ठेवायची तेही आधी ठरवून घ्या. गार पाण्याने त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या थोडा वेळ आकसतात. त्यामुळे सकाळची डोळ्यांखालची सूज उतरते, उन्हाने आलेली लाली आणि आग कमी होते. कढत पाणी त्वचेचं स्वतःचं तेल ओढून नेतं, गार पाणी ते बऱ्यापैकी जागेवर ठेवतं. गार पाण्याने "छिद्रं बंद होतात" हे मात्र खरं नाही. छिद्रांना उघडझाप करायला स्नायूच नसतात; कातडी थोडा वेळ ताणल्यासारखी होते, म्हणून ती बारीक दिसतात एवढंच. गार पाण्याने तेलकट थर, सनस्क्रीन किंवा मेकअपही निघत नाही. खरकटं ताट नुसत्या गार पाण्याने जसं निघेल तसंच ते.

पाणी कुठलं आणि किती गार

गार म्हणजे माठाचं. फ्रिजमधलं नाही, बर्फाचं तर नाहीच. माठातलं पाणी बाहेर पाझरतं, त्याची वाफ होताना आतल्या पाण्यातली उष्णता जाते. म्हणून हवा जितकी कोरडी तितका माठ जास्त गार. याबाबतीत सोलापूरचा उन्हाळा नशीबवान. बाहेर बेचाळीस अंश असताना सावलीतला, वारा लागणारा चांगला माठ पाणी पंचवीस-सव्वीसच्या आसपास आणून ठेवतो, आणि चेहऱ्याला तेवढंच हवं. हात बुडवल्यावर बरं वाटावं, पण बोटं दुखू नयेत.

पिण्याचा माठ यासाठी वापरू नका. चार-पाच लिटरचा छोटा माठ किंवा डेरा न्हाणीघराजवळ वेगळा ठेवा. नवा माठ आणला की पाण्याने भरून २४ तास ठेवा आणि ते पाणी फेकून द्या. माठाखाली वाळू घालून ती ओली ठेवली आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं की फरक हाताला कळतो. बंद खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेला माठ गार करत नाही. खिडकीचा झोत हवा. आतून रोज नुसत्या काथ्याने घासा, साबण लावू नका, तो मातीत मुरतो. तोंडावर घट्ट झाकण हवंच, कारण आपल्याकडे नळ रोज येत नाही, पाणी साठवून ठेवावं लागतं, आणि डेंगीचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

माठ नसेल तर पहाटे पाचच्या सुमारास नळाचं पाणी बादलीत काढून, झाकून घरातल्या सगळ्यात थंड फरशीवर ठेवा. रात्रभरात टाकीही निवलेली असते. हे पाणी सकाळच्या आणि दुपारच्या धुण्याला पुरतं. फ्रिजमधलंच वापरायचं असेल तर एक भाग फ्रिजचं आणि तीन भाग साधं असं मिसळा.

बोअरचं पाणी असेल तर

उजनी धरणाचं नळाला येणारं पाणी आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी यांत त्वचेच्या दृष्टीने पुष्कळ फरक पडतो. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट पांढरा साका तयार करतात. बादलीच्या कडेला जो खरखरीत थर दिसतो, त्याचाच पातळ थर चेहऱ्यावर राहतो. मग चेहरा धुऊनही ताणल्यासारखा वाटतो, गालांवर पांढरट पापुद्रे येतात आणि दोष क्रीमला दिला जातो.

पाणी जड आहे का, ते घरी पाहता येतं. झाकणाच्या पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा किस चिमूटभर टाका आणि अर्धा मिनिट जोरात हलवा. वर दाट फेस आणि खाली बऱ्यापैकी स्वच्छ पाणी दिसलं तर काळजी नाही. फेस नावालाच आणि पाणी दुधट झालं तर पाणी जड आहे. माठाच्या बाहेरच्या अंगाला पांढरी लोण धरत असेल तर तीही हीच खूण. अशा पाण्याने माठाची सूक्ष्म छिद्रं भरून जातात आणि एका उन्हाळ्यातच तो पाझरायचा थांबतो.

उपाय महागडा नाही. आंघोळ बोअरच्या पाण्याने करा, पण चेहऱ्याचं शेवटचं धुणं एक तांब्या नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याने करा. आणि जड पाण्यासोबत साबण चेहऱ्याला लावूच नका. साबण लागला नाही तर साकाही होत नाही.

सकाळ: पाच मिनिटं, एक तांब्या

आधी हात साबणाने धुवा. हे लिहायची गरज पडू नये, पण सोलापुरात पडते. विडी वळणाऱ्या हातांवर तंबाखूची भुकटी असते, आणि तेच हात डोळ्यांखाली फिरले की चुरचुर होणारच. यंत्रमागावरून रात्रपाळी करून आलेल्यांच्या भुवयांत, कानामागे, केसांच्या कडेला सुताचे तंतू बसलेले असतात. ते पाणी लावायच्या आधी कोरड्या मऊ फडक्याने झटकून घ्या. ओले झाले की ते चिकटतात, मग माणूस ते घासून काढायला जातो आणि कातडी लाल करून घेतो.

माठातलं पाणी तांब्यात घ्या. ओंजळ भरून चेहऱ्याजवळ न्या आणि चेहरा ओंजळीत टेकवा; लांबून सपकारे मारू नका. कपाळ, गाल, हनुवटी, मान, कानामागची जागा अशा आठ-दहा ओंजळी घ्या. दोन ओंजळींच्या मध्ये बोटांच्या पेरांनी नाकाच्या बाजूला आणि हनुवटीच्या खोबणीत हलके गोल फिरवा. डोळे मिटून त्यांवर गार ओंजळ पाच-सहा सेकंद धरा. सूज उतरायची ती इथे उतरते. डोळ्यांत पाण्याचे फवारे मारायची जुनी सवय असेल तर सोडा, साठवणीच्या पाण्याने तर नकोच. सगळं मिळून मिनिटभरापेक्षा जास्त वेळ लागायचं कारण नाही. जास्त वेळ धुतल्याने त्वचा जास्त स्वच्छ होत नाही, जास्त कोरडी मात्र होते.

सकाळी साबण, पीठ, फेसवॉश काही नको. रात्री नीट धुतलेला चेहरा झोपेत मळत नाही. अगदी तेलकट त्वचा असेल तर फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवर सौम्य, बिनसाबणाचा फेसवॉश वाटाण्याएवढा घ्या. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच) साधारण पाचच्या आसपास. नेहमीच्या साबणाचा नऊ-दहा. रोज दोनदा साबण म्हणजे रोज दोनदा तो थर विस्कटणं.

मग टॉवेल. टेरी टॉवेलच्या गावात राहून तो चेहऱ्यावर घासणारे लोक कमी नाहीत. त्याची वेटोळी पाणी टिपायला विणलेली असतात, घासायला नाहीत. चेहऱ्यासाठी हातरुमालाएवढा वेगळा नॅपकिन ठेवा, नाहीतर जुना मऊ पंचा. नवा टॉवेल दोनदा धुऊनच वापरायला काढा. दुकानातली चकाकी असेपर्यंत तो पाणी नीट पीत नाही. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रावण घालून धुतलेल्या टॉवेलचीही तीच गत. गालावर दाबायचा, उचलायचा, पुढची जागा. चेहरा पूर्ण कोरडा करायचा नाही, हाताला दमट लागला पाहिजे.

त्या दमट चेहऱ्यावरच तेल किंवा मॉइश्चरायझर लावायचं, आणि ते दोन-तीन मिनिटांच्या आत. सोलापूरच्या कोरड्या हवेत पंख्याखाली चेहरा बघता बघता सुकतो, आणि सुकताना तो कातडीतलाही ओलावा घेऊन जातो. "मी तर रोज गार पाण्याने धुते, तरी चेहरा कोरडाच" ही तक्रार असते, तिथे बहुतेक वेळा हीच पायरी गाळलेली असते. धुणं आणि लावणं यांच्या मध्ये चहा, पोहे आणि फोन येतो.

लावायचं काय? करडईचं तेल. सोलापूर हा करडईचा जुना पट्टा, आणि लाकडी घाण्याचं तेल अजून मिळतं. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं, त्वचेच्या वरच्या थराला ओलावा धरायला ते लागतं. शिवाय ते हलकं आहे. खोबरेल तेल हाता-पायांना उत्तम, पण मुरमं येणाऱ्या चेहऱ्यावर ते छिद्रं तुंबवू शकतं. मात्रा: पूर्ण चेहऱ्याला दोन, फार तर तीन थेंब. तळहातावर चोळून पसरायचं आणि दाबून लावायचं. चेहरा चकाकायला लागला तर जास्त झालं, असं समजा. तेलकट त्वचेला तेल नको. कोरफडीचा गर किंवा हलकं जेल पुरे.

कोरफड घरची असेल तर पान कापून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा. कापाजवळून जो पिवळा चीक गळतो तो पूर्ण जाऊ द्या आणि पान धुऊन मगच गर काढा. कोरफडीने खाज सुटली असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण तो चीकच चोळत असतात.

घराबाहेर पडायचं असेल तर सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर. तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर ओढलेल्या दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. स्वयंपाकघरात याला पर्याय नाही. हळद, चंदन, तेल यांपैकी काहीही सोलापूरचं ऊन अडवत नाही. जाड सुती स्कार्फ मात्र अडवतो. दुचाकीवर दोन्ही वापरा.

उन्हातून आल्यावर

"उन्हातून आल्या आल्या तोंडावर पाणी घेऊ नको" असं घरोघरी आजी सांगते. बर्फाच्या पाण्याबाबत तिचं बरोबर आहे. तापलेल्या चेहऱ्यावर एकदम बर्फगार पाणी घेतलं तर आधी कातडी आकसते आणि मग चेहरा आणखी लालबुंद होतो. माठाच्या पाण्याने काही बिघडत नाही. पाच मिनिटं पंख्याखाली बसा, घाम टिपा, मग चार-पाच ओंजळी घ्या. घाम आणि धूळ निघण्यापुरतंच, काही न लावता. चेहरा फार भाजल्यासारखा झाला असेल तर पंचा माठाच्या पाण्यात बुडवून, हलका पिळून चेहऱ्यावर पाच मिनिटं ठेवा. पंचा कोमट झाला की पुन्हा बुडवा. दोन-तीन वेळा पुरे.

कुणी उन्हातून येऊन बरळायला लागलं, अंग तव्यासारखं तापलं, तर तो त्वचेचा विषय राहिला नाही. सावलीत आडवं करा, मान-काख-जांघेत ओली फडकी ठेवा, अंगावर पाणी घालून वारा घाला, आणि त्याच वेळी दवाखान्यात न्यायची तयारी करा.

रात्र: आधी तेल, मग पीठ

दिवसभराची धूळ, घाम आणि सनस्क्रीन नुसत्या पाण्याने जात नाही. इथे दिवाळीच्या अभ्यंगाचंच तत्त्व कामाला येतं: आधी तेल, मग उटणं. तेलात तेल विरघळतं आणि पीठ ते शोषून घेतं.

कोरड्या चेहऱ्यावर करडईच्या तेलाचे चार-पाच थेंब घेऊन मिनिटभर हलक्या हाताने फिरवा. मग एक चहाचा चमचा हरभरा डाळीचं पीठ आणि दोन चमचे माठाचं पाणी एकत्र करा. धिरड्याच्या पिठापेक्षा थोडं पातळ हवं. ते चेहऱ्यावर लावा, ओलं असतानाच अर्धा मिनिट फिरवा आणि धुऊन टाका. वाळू द्यायचं नाही. वाळलेलं पीठ खरवडून काढताना बारीक लव ओढली जाते आणि दुसऱ्या दिवशी गालांवर लाल पुरळ दिसतं.

पीठ कुठलंही चालत नाही. भज्यांचं जाडसर पीठ आणि मसुराचं घरी मिक्सरवर काढलेलं पीठ खरखरीत असतं. दुहेरी सुती ओढणीतून चाळून जे खाली पडतं तेच घ्या. चिमटीत धरून चोळलं तर पावडरसारखं लागलं पाहिजे. ज्वारीचं पीठ भाकरीलाच राहू द्या. चाळलेलं पीठ कोरड्या बरणीत ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांचंच करा. भिजवलेलं उरलं तर फेकून द्या, सकाळसाठी ठेवू नका. उन्हाळ्यात ते रात्रीतून आंबतं.

कोरड्या त्वचेला रोज पीठ नको. आठवड्यातून दोनदा पीठ, बाकी दिवशी तेल फिरवून ओल्या पंचाने पुसायचं आणि गार पाण्याने धुवायचं. मुरमं असतील तर तेल वगळून सौम्य फेसवॉश वापरा, पीठही नको. धुऊन झालं की सकाळसारखंच: टिपायचं, आणि दमट असतानाच थोडं तेल किंवा जेल. ओठांना तूप. पिठाचं पाणी कुंडीत ओतता येतं.

आठवड्याचं काम

तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा मुलतानी माती, दोन चमचे, माठाच्या पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवून. ती तडकेपर्यंत ठेवायची असते हा गैरसमज फार पसरलेला आहे. माती वाळताना आधी वरचं तेल ओढते, मग कातडीचा ओलावा. कडा फिकट पडू लागल्या आणि मध्ये बोट चिकटतंय, तेव्हाच धुवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंख्याखाली ही वेळ पाच-सहा मिनिटांत येते. पुस्तकातली पंधरा मिनिटं इथली नव्हेत. कोरड्या त्वचेने मातीच्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा काकडीचा कीस फडक्यात बांधून दहा मिनिटं ठेवावा.

नेमकं काय बिघडतं

सगळ्यात मोठं नुकसान लिंबू करतं. लिंबाचा रस अतिशय आम्ल असतो, शिवाय त्यातले काही घटक उन्हाशी मिळून कातडी जाळतात. लिंबू लावून उन्हात गेलं की एक-दोन दिवसांत फोड किंवा लाली आणि नंतर महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग. ज्या डागांसाठी लिंबू लावलं त्यांच्या दुप्पट. खाण्याचा सोडा आणि मीठ चोळणं, मुरमावर टूथपेस्ट लावणं हेही त्याच पंक्तीतलं.

बर्फाचा खडा थेट चेहऱ्यावर फिरवणं सध्या फार चाललं आहे. एकाच जागी मिनिटभर धरलेला बर्फ कातडी चक्क भाजतो. जागा आधी बधिर होते म्हणून ते कळत नाही. लावायचाच असेल तर पंचात गुंडाळून, हलवत, एका जागी काही सेकंदच.

कुठलीही नवी गोष्ट, अगदी घरातलं पीठसुद्धा, आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी लावून पाहा आणि २४ तास थांबा. आणि एका आठवड्यात एकच नवी गोष्ट. तेल, कोरफड आणि पीठ एकाच दिवशी सुरू केलं आणि पुरळ उठलं तर दोषी कोण ते कळणार नाही. फरक दिसायला चार ते सहा आठवडे द्या. वरची कातडी नवी व्हायला साधारण महिना लागतोच.

ऋतू बदलला की

पावसाळ्यात हवा दमट होते आणि माठ काम करेनासा होतो. तेव्हा नळाचंच पाणी पुरेसं गार असतं. तेलाचे थेंब कमी करा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या पहाटे, माठाचं पाणी बोचतं. त्यात थोडं गरम पाणी घालून गारठा मोडेल इतकंच करा. थंडीची हवा कोरडी असते, म्हणून तेव्हा पीठ आठवड्यातून एकदाच.

घामोळं आलं असेल तर दोन वेळा साध्या गार पाण्याची आंघोळ, टिपून कोरडं करणं आणि सैल सुती कपडे यांनीच ते बसतं. मानेच्या वळीत पावडरचे थर देऊ नका. घामात त्याच्या गुठळ्या होतात आणि वाट आणखी तुंबते.

कुणी जपून

गार पाणी लागताच अंगावर गांधी उठत असतील, बोटं पांढरी-निळी पडत असतील किंवा चेहऱ्यात विजेसारखी कळ जात असेल तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही. गार पाण्यात चेहरा बुडवून श्वास रोखला की हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून हृदयविकार असणाऱ्यांनी घंगाळात तोंड बुडवायचे प्रयोग करू नयेत. ओंजळीने धुवायला हरकत नाही.

गालांवरचे वांग, गोलाकार खाजणारे चट्टे, गाठीची दुखरी मुरमं हे पाणी आणि पिठाने जात नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. आणि तोवर औषधाच्या दुकानातून कुणी सांगितलेली "लगेच फरक पडणारी" ट्यूब आणू नका. अशा बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. गजकर्णावर ते लावलं की खाज दोन दिवसांत थांबते आणि चट्टा आतून पसरतो. चेहऱ्यावर महिना-दोन महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, आणि मग साधं माठाचं पाणीसुद्धा झोंबतं. ट्यूब आधीच वापरात असेल तर डॉक्टरकडे जाताना ती पिशवीत घालून न्या, नुसतं नाव सांगण्यावर भागवू नका.